पान आहे ते, झाडून टाका

कोकणात सूड घाईने घेत नाहीत. देशावरचा माणूस रागावला की तिथल्या तिथे दोन ठेवून देतो आणि संध्याकाळी त्याच माणसाबरोबर चहा पितो. आमच्याकडे राग बरणीत भरतात, वर दादरा बांधतात आणि मुरू देतात. येणाऱ्याजाणाऱ्याला वास येतो, पण बरणी कधी उघडणार ते कुणाला कळत नाही. माझी बरणी गणपतीत भरली आणि दसऱ्यानंतर उघडली. आत जे निघालं त्याची चव अजून माझ्या जिभेवर आहे. पश्चात्ताप वगैरे शोधू नका, मिळणार नाही.

मी ब्लाउज शिवते. रत्नागिरी शहराच्या कडेला आमचं घर आहे. पुढच्या खोलीत माझं मशीन, मागे परडं, परड्यात एक म्हातारा फणस, आणि दगडी गडग्यापलीकडे नुसता कातळाचा सडा. श्रावण सरत आला की पाऊस जरा दम घेतो, सड्यावर रानफुलं येतात आणि त्यांच्यामागून फुलपाखरं. पाचसहा वर्षांपूर्वी मोबाइलवर एकाचा फोटो काढला आणि नाद लागला. ब्लाउज शिवणाऱ्या बाईला आधी काय दिसतं, तर दोन्ही बाजू सारख्या आहेत की नाहीत. फुलपाखराइतकं बिनचूक शिवण मी तरी दुसरीकडे पाहिलेलं नाही. एकाही पंखाला झोळ नाही.

आमच्या शहरात असे नादिष्ट डझनभर निघाले आणि त्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला. कुणी काय पाहिलं ते ग्रुपवर टाकायचं, ते तपासून वर्षअखेर जिल्ह्याच्या यादीत जायचं. तपासणार कोण? साहेब. कुठल्याशा मोठ्या पदावरून निवृत्त होऊन साहेब घाटावरून इथे राहायला आले होते. समुद्र दिसेल असा फ्लॅट घेतला, आणि खात्यातली माणसं हाताखालून गेल्यामुळे आम्हाला हाताखाली घेतलं. माणूस अभ्यासू, यात वाद नाही. पण दुसऱ्याची नोंद नाकारताना त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरायचा, तसा लग्नाच्या फोटोतसुद्धा नसेल.

त्यांचा लाडका नियम म्हणजे बसण्याची जागा. फुलपाखरू कशावर बसलं होतं ते लिहिलंच पाहिजे. आमच्यातल्या एका निवृत्त शाळामास्तरीणबाईंनी एकदा 'झुडूप' असं लिहिलं, तर साहेबांनी ग्रुपवर सगळ्यांसमक्ष विचारलं, "कोणते झुडूप? झुडपास नाव असते. बसण्याची जागा अपुरी, नोंद अपुरी." बाईंनी हयातभर पोरांच्या वह्या तपासलेल्या. त्या दिवशी त्यांना स्वतःच्या वहीवर लाल शेरा मिळाला.

आता मुख्य प्रकरण. गौरी जेवून गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी उष्टंखरकटं टाकायला परड्यात गेले. फणसाच्या खोडाला एके ठिकाणी चीक पाझरत होता. तिथे एक वाळकं पान चिकटलं होतं. देठ होता, मधली शीर होती, कडेला बुरशीचा ठिपकासुद्धा. मी बघत उभी राहिले, कारण फणसाचं पान असं टोकदार नसतं. आणि त्या पानाने सोंड काढली!

मग ते उडालं. आतून गडद निळं, शालूच्या पदरासारखं, वर फिकट पट्टा. एक गिरकी घेऊन पुन्हा खोडावर बसलं, पंख मिटले, आणि पुन्हा पान. ब्लू ओकलीफ! घाटाच्या पायथ्याच्या रानात दिसतं असं ऐकून होते, पण आमच्या ग्रुपमध्ये शहरालगत कुणीच पाहिलेलं नव्हतं. यादीत ते नव्हतंच. मोबाइल काढून नेम धरेपर्यंत एकच फोटो धड आला, आणि तोही पंख मिटलेला.

तोच मी ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: ब्लू ओकलीफ, बसण्याची जागा फणसाचं खोड, चिकावर.

साहेबांचं उत्तर लगेच आलं. मला ते पाठ आहे.

"वहिनी, पान आहे ते. केर काढताना रोज दिसत असेल. झाडून टाका."

खाली हसण्याच्या चेहऱ्यांची रांग लागली. मी लिहिलं की मी त्याला उडताना पाहिलंय. साहेबांनी लिहिलं, "वाऱ्याने पानेही उडतात." पुन्हा रांग.

रत्नागिरी तशी लहान. ग्रुपमधल्या कुणाची तरी बायको माझ्याकडे ब्लाउज टाकणारी, तिची बहीण बाजारात, आणि चार दिवसांत मिरकरवाड्याला मासे घ्यायला गेले तर मासळीवाली पाटीवरून मान वर करून म्हणते, "काय गो वैनी, आज किती पाना घावली?" बांगडे मोजता मोजता वर एक बांगडा जास्त टाकून म्हणाली, "ह्यो घे. ह्यो उडत नाय."

नवऱ्याने समजूत घालायची तर त्याने विचारलं, "खरंच पान नव्हतं ना गं?"

त्या रात्रीचं जेवण त्याने स्वतः गरम करून घेतलं.

मला दोन गोष्टी हव्या होत्या. माझी नोंद यादीत जायला हवी होती, माझ्याच तारखेची. आणि साहेबांनी त्या पानाला हात लावून, सगळ्यांदेखत, ते पान आहे असं पुन्हा म्हणायला हवं होतं. पहिली गोष्ट चांगल्या फोटोने झाली असती. पण नुसत्या फोटोने न्याय मिळतो, समाधान मिळत नाही.

ओकलीफ फुलांवर फारसं जात नाही. त्याला लागतो झाडाचा चीक, नासकी फळं. म्हणजे जरा व्यसनीच. मी पिकून काळी पडलेली वेलची केळी घेतली, त्यात गूळ कुस्करला, आणि नवऱ्याला म्हटलं, "जरा बाटलीभर माडी आणून दे."

"कुणाला?"

"पाव्हण्याला."

आणलीन त्याने. बाटली निम्मी होती. मी विचारलं नाही. मोठं युद्ध चालू असताना लहान आघाड्या उघडू नयेत.

ते मिश्रण दोन दिवस झाकून ठेवलं आणि खाकी कापडाच्या एका टोपीला चोपडून टोपी फणसाच्या फांदीला टांगली. टोपी मीच शिवलेली, गोल काठाची, वर मधोमध कापूस भरलेली छोटी गादी. पहिल्या दिवशी मुंगळे आले. दुसऱ्या दिवशी मुंगळे नातेवाइकांना घेऊन आले. फांदीला तेलाची चिंधी बांधली तेव्हा कुठे ते हटले. आणि मग एका दुपारी पाव्हणा उतरला. टोपीच्या शेंड्यावर बसून असा पीत होता, की शेजारी शेव ठेवावीशी वाटली. मी फोटो काढला नाही. होय, काढला नाही! रोज नवं मिश्रण, तीच टोपी, तीच वेळ. दसऱ्यापर्यंत तो न चुकता येऊ लागला.

मग मी ग्रुपवर गोड निरोप टाकला. सड्यावरची फुलं आता सरतील, त्याआधी सगळ्यांनी या, सकाळी फिरू, दुपारी आमच्या परड्यात आंबोळ्या आणि चटणी. उन्हाचं सगळ्यांना एकेक टोपी माझ्याकडून. साहेब लिहितात, "स्तुत्य उपक्रम."

सगळ्यांना फुलाफुलांच्या टोप्या. साहेबांना खाकी, टांगलेल्या टोपीची जुळी बहीण. वर गादी.

"ही माझीच अशी का, वहिनी?"

"पदाला शोभेल अशी केली साहेब. वर गादी आहे ना, हवा खेळती राहते."

साहेबांनी आरशात पाहिलं. माणूस खूश. गादीत काय मुरलं होतं ते त्यांच्या नाकापेक्षा वर होतं, आणि वास वारा नेईल त्या दिशेला जात होता. वारा नेमका शाळेच्या बाईंकडे होता. सड्यावर अर्धा रस्ता चालल्यावर त्या माझ्या कानाला लागल्या, "अगो, साहेब... सकाळी सकाळी?"

"काय बाई?"

"माडीचा वास येतोय गो. देवा. आणि माणूस किती शिस्तीचा वाटतो!"

मी एक मोठा उसासा टाकला. खोटं बोलायचं नाही, हा माझा नियम.

दुपारी सगळे परड्यात आले. टांगलेली टोपी मी पहाटेच काढून ठेवली होती. साहेबांची खुर्ची फणसाखाली, बरोबर त्या फांदीखाली. आंबोळ्या झाल्या, चहा झाला, आणि पाव्हण्याचा पत्ता नाही. त्याच्याऐवजी माश्या आल्या. साहेब हातवारे करत बोलत होते, माश्या उठत होत्या, बसत होत्या. टोपी निघाली की संपलं. साहेबांनी एकदा काठाला हात घातलासुद्धा. मी ओरडले, "साहेब, आणखी एक आंबोळी!" हात ताटाकडे वळला. चार वेळा असं झालं. पाचव्या आंबोळीला साहेब म्हणाले, "वहिनी, पोट आहे की पोतं?"

नवरा माझ्याकडे बघत होता. त्याला सगळं ठाऊक होतं. हळूच म्हणाला, "नाही आला तर?"

"तर साहेब रात्रीपर्यंत जेवतील."

आणि साहेबांनी स्वतःच विषय काढला. माणसाला खड्डा खणून द्यावा लागत नाही, फक्त कुदळ जवळ ठेवावी. ते म्हणाले, "नवशिक्या निरीक्षकाची सर्वांत मोठी चूक कोणती? पाहण्याऐवजी कल्पना करणे. उदाहरणार्थ, आपल्या वहिनींचे ते सुप्रसिद्ध पान..."

सगळे हसले. आणि वरून, फांदीच्या सावलीतून, एक वाळकं पान गिरकी घेत खाली आलं आणि साहेबांच्या टोपीच्या गादीवर बसलं.

हसणं एकेक करून थांबलं. आधी बाईंचं. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग एकाचा कॅमेरा वर गेला, मग दुसऱ्याचा. साहेबांना वाटलं, आपलं भाषण रंगलंय. त्यांनी मान जरा ताठ केली. फोटोसाठी.

देठ खाली, सोंड गादीत. पाव्हणा पीत होता.

मी चहाची किटली खाली ठेवली. पदर नीट केला. इतके दिवस ज्या वाक्याला मशीनवर बसून शिवलं, उसवलं, पुन्हा शिवलं, ते शेवटी अगदी साधं निघालं.

"साहेब, टोपीवर काय आलंय बघा हो."

साहेबांनी डोळे वर केले. काठाआड टोपीवरचं काही दिसेना, दिसली ती वरची फांदी. कंटाळलेल्या आवाजात म्हणाले, "काय असणार वहिनी, पान आहे ते." आणि हात वर नेऊन झाडलं.

निळं! साहेबांच्या कपाळासमोरून ते असं फाकलं, की साहेबांच्या चष्म्यातसुद्धा निळं दिसलं. एक गिरकी, दुसरी गिरकी, आणि पाव्हणा परत गादीवर. व्यसन सुटत नाही माणसाचं, तर त्याचं काय सुटणार.

कॅमेरे खटाखट वाजत होते. मग बाई, पोरांचे वर्ग ज्या आवाजात गप्प करायच्या त्या आवाजात, म्हणाल्या, "बसण्याची जागा?"

आणि परडं हसण्याने फुटलं. नवरा गडग्याला टेकून हसत होता. मी हसले नाही. मी आंबोळ्यांचं ताट उचललं आणि आत गेले, आणि स्वयंपाकघराचं दार लावून जमिनीवर बसून पोट दुखेपर्यंत हसले.

जाताना साहेबांनी टोपी काढली, नाकाजवळ नेली, आणि माझ्याकडे पाहिलं.

"वहिनी, ही गादी..."

"हवा खेळती राहते ना, साहेब?"

संध्याकाळी ग्रुपवर त्यांचा निरोप आला. ब्लू ओकलीफ, रत्नागिरी शहरालगत, आजची तारीख. एवढंच. मी थोडी वाट पाहिली आणि लिहिलं, "साहेब, याआधीची माझी गणपतीतली नोंद आहे. पहिली ती."

साहेबांचं उत्तर आलं, "मान्य. पहिली नोंद वहिनींची."

मला इथे थांबता आलं असतं. भली बाई थांबली असती. मी लिहिलं, "आजच्या नोंदीत बसण्याची जागा राहिली. जागा अपुरी, नोंद अपुरी."

वर 'टाइप करत आहे' दिसायचं, जायचं, पुन्हा दिसायचं. नवरा माझ्या खांद्यावरून वाचत होता.

"टोपी," साहेबांनी लिहिलं.

लगेच बाईंचा प्रश्न आला, "कोणाची? टोपीस धनी असतो."

मग साहेबांचा एकच शब्द, "माझी."

साहेब नंतर ग्रुप सोडून गेले नाहीत, हे त्यांच्याबद्दल बरं बोलायचं. फक्त आता कुणी वाळक्या पानाचा फोटो टाकला तरी ते आधी विचारतात, उडालं का?

त्या दुपारी एकाच्या कॅमेऱ्यात आलेला फोटो मी मोठा करून घेतला आणि मशीनच्या वर भिंतीला लावला. साहेबांचा हात अर्धवट उचललेला, नजर वैतागलेली, बोटांजवळ निळे पंख नुकते उघडत असलेले. मापं द्यायला आलेल्या बायका हात पसरून उभ्या राहतात, तेव्हा त्यांची नजर बरोबर तिथे जाते.

"हे कोण गो वैनी?"

मी टेप छातीभोवती फिरवते, आकडा लिहिते आणि सांगते, "आमचे साहेब. केर काढतायत."