हळदीखालचं नाक

बांधलेले हात सोडायला मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच सोडले. आजही कोणी विचारलं तर हेच सांगेन.

रायपूरच्या एका दवाखान्यात मी अतिदक्षता विभागात नर्स आहे. तिसऱ्या खाटेवर रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका होते. श्वास पुरेना म्हणून यंत्राचा मास्क नाकातोंडावर घट्ट बसवलेला. त्या मास्कवर त्यांचा जीव टिकून होता आणि काका तोच ओढून काढत. दोनदा काढल्यावर डॉक्टरांनी मनगटं खाटेला बांधायला लावली. पेशंट चिडचिडा आहे, असं कागदावर लिहिलं गेलं. चिडकी माणसं मला चांगली कळतात, मी स्वतः त्यातलीच. काकांच्या डोळ्यांत चीड नव्हती, कळ होती.

नाकाच्या हाडावर, मास्कची कडा टेकते तिथे, पिवळाधमक लेप होता. पाणी पाजायला मास्क सरकवला की त्यांची बायको, काकू, तो लावायच्या. देवीची हळद असेल, म्हणून दोन दिवस मी बोट लावलं नाही. आमच्या घरीही ती कोणी पुसत नाही. पण मास्कखालची कातडी पाहणं हे माझं काम होतं आणि मी ते टाळलं. याची लाज अजून वाटते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी काकांना ऑक्सिजनची साधी नळी लावली, पडद्यावरच्या आकड्यावर डोळा ठेवून मास्क उचलला आणि ओल्या कापसाने हळद पुसली. खाली कातडी जांभळी पडली होती. हवा सुटू नये म्हणून येणारा-जाणारा प्रत्येक जण पट्टे आवळून गेला होता. त्यात मीही होते.

काकू दाराशी उभ्या होत्या. मी जरा जोरातच विचारलं, "काकू, मले काहून नाही सांगितलं?"

"लाल दिसलं म्हून हळद लावून राहिली होती," त्या म्हणाल्या. "तुम्ही तर रोज पाहता. मले वाटलं, तुम्हाले माहीतच हाय."

मी काकांची मनगटं सोडली.

तेवढ्यात राउंडला डॉक्टर आले आणि सुटे हात पाहून भडकले. आधी श्वास, नाकाचं मग बघू, असं त्यांचं म्हणणं. मी जागची हलले नाही.

"सर, नाक दुखेगी तो ये मास्क फेंकेंगे ही. फिर साँस कैसे बचेगी? हाथ मैंने खोले हैं, मेरे नाम से लिख दीजिए."

त्यांनी वाकून नाक पाहिलं. मग मी मागितलं ते लिहून दिलं. नाकावर फोमची मऊ पट्टी, पट्ट्याखाली दोन बोटं जातील एवढी ढील, दर दोन तासांनी मास्क उचलून कातडी पाहायची, ऑक्सिजनचा आकडा टिकला तर थोडा वेळ नळीवर विसावा. यात काही मोठी विद्या नव्हती. आम्ही पाहतच नव्हतो, एवढंच.

पट्टी लावून मी मास्क काकांसमोर धरला आणि विचारलं, लावू का? तीन दिवसांत हे त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

"दुखे म्हून काढत होतो, बाई," ते धापा टाकत म्हणाले. मग मास्क माझ्या हातातून घेतला आणि आपल्याच हातांनी तोंडावर लावला.