उचला पेटी!

आमच्या पॅकिंग खात्यातली जुनी माणसं भेटली आणि कुणी सुमनबाईंचं नाव काढलं, की किश्श्यांचा ढीग लागतो! पंख्यांच्या मोटारी बनवणारी मुरबाडची आमची कंपनी. नव्वदच्या दशकात शेणव्याच्या सुमनबाई आमच्यावर सुपरवायझर झाल्या, त्याही सहा महिन्यांच्या बोलीवर. मॅनेजर साहेबांनी सगळ्यांदेखत बजावलं, "एक जरी भांडण माझ्या केबिनपर्यंत आलं, तर बाई परत पॅकिंगच्या टेबलावर!"

बाळू माझ्या कानात म्हणाला, "बाईमानूस हाय. पयल्याच भांडनाला रडल बघ."

* * *

पहिलं भांडण बाळूचंच! टेबलफॅनचं तोंड कुणाकडे, यावरून तो आणि हरेश एकमेकांच्या अंगावर धावले. बाई रडल्या नाहीत, ओरडल्याही नाहीत. मोटारींनी भरलेली लाकडी पेटी दाखवून म्हणाल्या, "दोघांनी उचला. गोडाऊनला ठेवून या."

ती पेटी एकट्याच्या बापाच्यानंही हलायची नाही! आणि दोघांनी न्यायची, तर बोलावंच लागतं. "थांब!" "वळ!" "पायरी हाय, सांभाल रे!" परत आले तेव्हा दोघं एकाच बिडीवर होते.

* * *

हरेशने एकदा चालू मशीनमध्ये हात घातला आणि बाई कडाडल्या. सगळे म्हणाले, "बाईंचं डोकं फिरलं!" दुसऱ्या दिवशी त्याच चुकीवर साहेब ओरडले. सगळे म्हणाले, "साहेब कडक हायेत हां!"

बाईंनी ते ऐकलं. "काय रे, आवाजाला पन पँट लागते काय?"



* * *

पुढे तर त्यांना बोलावंही लागेना. माझी नि बाळूची जुंपली, बाईंनी नुसतं पेटीकडे पाहिलं.

"आमचं मिटलं, बाई!" दोघं एकदम ओरडलो.

* * *

सहा महिने संपत आले आणि खुद्द केबिनमध्येच राडा! साहेब आणि ट्रकचा ठेकेदार, दोघांनी एकमेकांची कॉलर धरलेली. केबिनमध्ये भांडण, म्हणजे बाई गेल्या! बाळूच्या तर डोळ्यांत पाणी!

बाईंनी आम्हाला पेटी केबिनच्या दारात आणायला लावली. "साहेब, तुमी हे टोक धरा. शेठ, तुमी ते."

आणि खरंच! टायवाले साहेब आणि सफारीतला ठेकेदार पेटी घेऊन अख्ख्या कंपनीसमोरून निघाले. "थांबा हो!" "वळा!" "पायरी आहे, शेठ!"

गोडाऊनला पेटी टेकवून साहेबांनी घाम पुसला. "बाई, हे भांडण माझ्या केबिनपर्यंत आलं, असं धरायचं का?"

"नाय साहेब," बाई म्हणाल्या, "केबिनमधनं भायेर गेलं."