बेल्मीरूने राखलेलं पिंप

पोर्तुगालातल्या दोरू नदीच्या काठी बेल्मीरूइतका बढाईखोर माणूस दुसरा झाला नाही, आणि झुल्मीराचं नशीब असं की ती त्याच्याच पोटी आली. द्राक्षमळ्यात छाटणीला गेला तरी त्याच्या हातांपेक्षा तोंड जास्त चालायचं. "जहाजात टिकावी म्हणून इंग्रजांनी वाइनमध्ये ब्रँडी घातली म्हणतात. अरे, अक्कल कोणाची? माझ्या पणजोबाची!" गुत्त्यातले लोक माना डोलवायचे, कारण त्यांचे पेले तोच भरायचा. कुठून भरतो, हे कोणी विचारलं नाही.

मुलगी झाली की बापाने त्या सुगीची गोड वाइन छोट्या पिंपात भरायची आणि ते पिंप तिच्या लग्नातच उघडायचं, ही तिथली रीत. झुल्मीराचंही पिंप तळघरात होतं. आई गेल्यावर तळघराची किल्ली बापाच्या कमरेला आली. "राणीला हात लावायचा नाही," असं तो पिंपाकडे बोट दाखवून लेकीलाच दटावायचा. बाकी त्याने तिला काहीएक दिलं नाही. शाळासुद्धा अर्ध्यावर सोडायला लावली. तरी बापाने आपल्यासाठी एक गोष्ट राखलीय, एवढ्यावर ती वेडी खूश होती.

लग्नाच्या दिवशी पिंप अंगणात आलं. "बघू तरी, एवढा डंका कशाचा," सासू ग्रासिंदा म्हणाली.

बेल्मीरूने ऐटीत तोटी फिरवली. पेल्यात गडद जांभळी धार पडली. लाकडात मुरलेली वाइन वर्षागणिक लाली टाकते, तपकिरी-सोनेरी होते, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. ही तर गेल्या सुगीची! लेकीची वाइन पठ्ठ्याने स्वतः ढोसली, गुत्त्यात उधळली, आणि वर नवी ओतून मोकळा झाला. धड चोरी करण्याचीही अक्कल नाही.

"व्याहीबुवा, सूनबाई जन्मली कधी? गेल्या वर्षी?" ग्रासिंदाने विचारलं. मांडवभर हशा पिकला.

"चांगल्या लाकडात रंग टिकतो, विहीणबाई," बेल्मीरू पुटपुटला आणि हळूच दाराकडे सरकला.

झुल्मीरा आडवी आली. "कुठे निघालात बाबा? ओता ना. एकेकाला. माझ्या बापाने माझ्यासाठी काय राखलं, ते चाखू दे सगळ्यांना."

त्याने ओतली. कोणी नजर वर केली नाही, तोही नाही. शेवटचा पेला तिच्यापुढे आला, तेव्हा तिने तो त्याच्याच हातात परत ठेवला.

"हाही तुम्हीच घ्या," ती म्हणाली. "माझ्या वाट्याचं प्यायची सवय आहे तुम्हाला."