ज्याचा हात पहिला, त्याच्या नावावर

ताईंकडे काहीही मागायला गेलं की त्या आधी चष्मा कपाळावर चढवायच्या, समोरच्याकडे नीट पाहून घ्यायच्या आणि विचारायच्या, "घेशीन, पन वापस ठेवशीन कवा?"

मागितलेली वस्तू स्टेपलर असो, खुर्ची असो की सर्व्हरवरची मेमरी, प्रश्न ठरलेला. एकदा रक्तपेढीचे डॉक्टर सहीसाठी त्यांचं पेन घेऊन बोलत बोलत निघून गेले. ताई त्यांच्या मागे जिन्यापर्यंत धावल्या आणि पेन घेऊन परत आल्या. खुर्चीत बसल्या, पेनाकडे पाहिलं, "टोपन राह्यलं," म्हणाल्या आणि पुन्हा जिन्याकडे गेल्या.

अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. त्यांची आपण मनसोक्त थट्टा करतो आणि गेली की चुकल्याचुकल्यासारखं होतं. मी तर दोन्ही केलं.

आमचा दवाखाना वर्धा शहराच्या कडेला आहे. नाव सांगत नाही, आणि तिथे यायची वेळ तुमच्यावर न येवो. तिथल्या सगळ्या संगणकांच्या ताई मालकीण होत्या. पगारपत्रकावर 'प्रणाली प्रशासक' असं पद होतं, पण ते पगारपत्रकापलीकडे कोणालाच माहीत नव्हतं. शिपायापासून अधीक्षकांपर्यंत सगळ्यांना त्या ताईच. आंजीला भावाच्या घरी राहायच्या आणि रोज स्कूटीवरून यायच्या. मी नालवाडीची, त्यांच्या हाताखाली करारावर लागलेली प्रोग्रामर. करार अकरा महिन्यांचा. अकरा महिने झाले की साहेबांचा चेहरा बघायचा.

पहिल्याच दिवशी त्यांनी माझी परीक्षा घेतली. "कर्नल म्हंजे काय, सांग बरं." मी कॉलेजात पाठ केलेली व्याख्या सांगितली. त्यांनी ती मान हलवत शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाल्या, "छान. आता इसर थे."

मग त्यांनी मला गावचं लग्न समजावून सांगितलं. "पाचशे लोकाइले नेवता देते का नाई आपन? पन पाट राह्यते तीनशे. सारे येत नाईत, हे यजमानाले ठाऊक असते. कर्नल म्हंजे मशीनच्या आतला कारभारी. कोनत्याबी प्रोग्रामनं मेमरी मागतली का थो हो म्हनते. कोनाले नाई म्हनत नाई. पन पाट मांडते कवा? थो प्रोग्राम खरंच येऊन बसला का तवा."

"अन् सारेच येऊन बसले त?" मी विचारलं.

"मंग एकाले उठवा लागते," ताई म्हणाल्या. "जेवता जेवता."

हे उठवणं कर्नल मोठ्या निष्ठुरपणे करतो. मेमरी संपली की कोणाच्या नावावर किती चढलंय ते पाहतो, सगळ्यात जास्त खाणारा निवडतो आणि त्याला जागच्या जागी मारून टाकतो. एखादा प्रोग्राम फारच मोलाचा असेल तर त्याच्यापुढे उणे हजार लिहून ठेवायची सोय आहे. मग त्याला कोणी हात लावत नाही.

हा नियम ताईंनी माणसांनाही लावला होता. एप्रिल-मे महिन्यांत वर्ध्यात काय होतं ते मी सांगायला नको. आमच्या दवाखान्यात खरा गारवा दोनच ठिकाणी, शस्त्रक्रियेच्या खोलीत आणि सर्व्हरच्या खोलीत. शस्त्रक्रियेच्या खोलीत बसायचं तर पोट फाडून घ्यावं लागतं, म्हणून सगळे आमच्याकडे यायचे. कोणी पासवर्ड विसरायचा, कोणाचा प्रिंटर रुसायचा, कोणी नुसताच "ताई, तब्येत कशी आहे?" म्हणत भिंतीला टेकायचा. एवढ्या माणसांच्या उबेने सर्व्हर तापायला लागायचे.

शेवटी ताईंनी काचेच्या दारावर एक कागद चिकटवला. त्यावर सगळ्यांची नावं आणि नावापुढे गुण. खोलीतला काटा चोवीसच्या वर गेला की सर्वांत जास्त गुणवाल्याने बाहेर जायचं. आमचे भांडारपाल अंगाने भरलेले, त्यांचा नंबर कायम पहिला.

"ताई, मी तर आत्ताच आलो!"

"थे दिसून राह्यलं मले. पन जागा तुमीच जास्त खाल्ली."

ताईंच्या स्वतःच्या नावापुढे उणे हजार होतं. भांडारपालांनी अधीक्षकांकडे तक्रार केली. अधीक्षक चौकशीला आले, आत शिरले, त्यांनाही गार वाटलं आणि ते तासभर चौकशी करत बसले. दुसऱ्या दिवशी त्या कागदावर त्यांचंही नाव आलं, तिसऱ्या क्रमांकावर.

पण त्या दिवाळीनंतर जे झालं त्यात मला हसू येण्यासारखं काही नव्हतं.

बाह्यरुग्ण विभागाच्या हॉलमध्ये जो मोठा पडदा आहे, ज्यावर 'क्रमांक बेचाळीस, खोली तीन' असं दिसतं, तो माझ्या प्रोग्रामवर चालतो. एका सकाळी साडेनऊला पडदा काळा झाला. गावोगावहून पहिल्या बसने आलेली माणसं दारांवर तुटून पडली. मी प्रोग्राम पुन्हा सुरू केला. घंटाभराने पडदा पुन्हा काळा. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. ताईंनी दर विभागाच्या प्रोग्रामला मेमरीचा एकेक डबा नेमून दिला होता. डबा भरला की त्या डब्यातला प्रोग्राम मरायचा. कर्नलच्या नोंदीत स्वच्छ लिहिलेलं होतं की माझा डबा भरला आणि म्हणून माझा प्रोग्राम मारला.

अधीक्षकांनी मला बोलावलं. "नऊ प्रोग्राम आहेत. आठ चालतात, तुमचाच पडतो. याचा अर्थ मी काय काढायचा? महिनाअखेर तुमचा करार संपतोय. दोष कोणाचा, हे मला सोमवारी लेखी पाहिजे."

घरी आई एकटी, तिला डोळ्यांनी कमी दिसतं. वर्ध्यात माझ्या कामाची दुसरी नोकरी नाही. ही गेली तर नागपूरला खोली करायची आणि आईला शेजाऱ्यांच्या भरवशावर सोडायचं, एवढाच रस्ता उरत होता.

आणि ताईही माझ्या बाजूने नव्हत्या. "कर्नल खोटं बोलत नाई वं," त्या म्हणाल्या. "तूच कुठंतरी मेमरी घेऊन राह्यली अन् वापस ठेवून नाई राह्यली. शोध." मी चार दिवस एकेक ओळ तपासली. घेतलेलं सगळं मी परत ठेवत होते. मला ताईंचा इतका राग आला की मी त्यांच्या टेबलावरचं टोपण मुद्दाम लपवून ठेवलं.

शनिवारी सकाळी पडदा पुन्हा गेला. मी प्रोग्राम सुरू केला आणि सहज त्याच्या डब्यात डोकावले. डबा पाऊण भरलेला होता.

"ताई," मी म्हटलं, "हा आताच उठला. आजून पान्याचा घोट नाई घेतला यानं. मंग डबा भरलेला कसा?"

ताईंनी चष्मा कपाळावर चढवला. पण या वेळी त्या माझ्याकडे पाहत नव्हत्या, समोरच्या भिंतीकडे पाहत होत्या.

"रोजची यादी कोन उचलते?" त्यांनी विचारलं.

"कोनती यादी?"

"पेशंटची. फोटोवाली."

"मीच. सकाळी सातले. तुमीच सांगतलं होतं ना, तुहा प्रोग्राम सगळ्याइच्या आधी उठते, त तूच यादी वर ठेवत जा म्हनून."

ताई मटकन खुर्चीत बसल्या. दोन वर्षांपूर्वी त्यांनीच ही सोय केली होती. नऊ प्रोग्रामनी नऊ वेळा डिस्कवर जाण्यापेक्षा एकाने सकाळी यादी उचलून सामाईक मेमरीत ठेवायची आणि बाकीच्यांनी तिथूनच वाचायची. पण कर्नलच्या हिशेबात सामाईक वस्तू वाटून लिहीत नाहीत. ज्याचा हात तिला पहिला लागला, त्याच्या नावावर ती पूर्ण चढते. वापरायचे नऊ आणि चढायची माझ्या डब्यावर. प्रोग्राम मेला तरी यादी तिथेच राहायची आणि तिचं वजनही माझ्याच डब्यात राहायचं, म्हणून पुन्हा उठवलेला प्रोग्राम अर्धमेलाच उठायचा. दिवाळीनंतर गर्दी वाढली, तशी यादी फुगली आणि डबा उतू गेला.

"हे मले ठाऊक होतं," ताई हळूच म्हणाल्या. "साऱ्या दुनियेले शिकवत फिरतो अन् मीच इसरली." मग त्यांना हसू फुटलं. चांगलं डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. पुढच्या दहा मिनिटांत त्यांनी यादीसाठी वेगळा डबा केला. त्यानंतर पडदा गेला नाही. मी टोपण गुपचूप जागेवर ठेवलं.

सोमवारचा कागद मात्र राहिला होता. मी म्हटलं, "ताई, तांत्रिक बिघाड झालता म्हनून लिहून देऊ. कोनाले काय कळते?"

"बिघाड कुठं झाला? कर्नलनं त बरोबर काम केलं," असं म्हणून त्यांनी स्वतःच कागद ओढला आणि तीन वाक्यं लिहिली. डब्यांच्या मर्यादा मी ठरवल्या होत्या. यादीचं वजन धरायला मी विसरले. प्रोग्राममध्ये दोष नव्हता.

अधीक्षकांनी कागद वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. "ताई, असंच लिहायचं का? विचार करा."

"केला."

ते बराच वेळ ताईंकडे पाहत राहिले. मला वाटलं, चूक कबूल करणारं माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असेल. माझा करार पुढे वाढला. त्या दिवशी मी घरी जाताना आईसाठी जिलेबी घेऊन गेले.

जानेवारीच्या शेवटी ताई निवृत्त झाल्या. त्यांना दोन वर्षांची मुदतवाढ मिळणार, असं सगळेच धरून चाललो होतो. विचारलं तर म्हणाल्या, "मीच नाई म्हनलं. आता झोपू द्या मले." निरोपसमारंभात अधीक्षकांनी साडी दिली, भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि दोन शब्द बोला म्हणाले. ताईंनी पर्समधून एक कागद काढून वाचायला सुरुवात केली. "क्ष-किरण विभाग, दोन खुर्च्या. औषधभांडार, एक टेबलफॅन. लेखा विभाग, माहा जेवनाचा डबा, झाकनासकट." हॉलभर हशा झाला. भांडारपाल सगळ्यांत मोठ्याने हसले आणि संध्याकाळी फॅन परत आणून ठेवला.

त्यानंतर खोली फार सुनी झाली. पंधरा दिवसांनी आस्थापनेचे बाबू कुठल्याशा सहीसाठी आले आणि बोलता बोलता म्हणाले, "ताईंचं मुदतवाढीचं पत्र तर टाइप होऊन पडलं होतं. पण तो कागद विश्वस्तांसमोर गेला ना. ज्या बाईने स्वतःची चूक लिहून दिली, तिला वाढ कशी द्यायची, म्हणाले."

रविवारी मी आंजीची बस पकडली.

ताईंच्या भावाचं घर विचारत विचारत सापडलं. समोरची खोली कापसाने अर्ध्या भिंतीपर्यंत भरलेली होती. भाव चढेपर्यंत आमच्याकडे कापूस असाच घरात भरून ठेवतात, माणसं कशीबशी कडेने वावरतात आणि अंग खाजवत राहतात. ताई त्या गंजीवर पाय पसरून बसल्या होत्या आणि मांडीवरच्या लॅपटॉपवर काहीतरी वाचत होत्या. मला पाहून हाक मारली, "ये वं, वर ये. सोफा हाय."

मी वर चढले, गुडघ्यापर्यंत रुतले आणि तशीच विचारती झाले, "काऊन नाई सांगतलं मले?"

कशाबद्दल, हे त्यांनी विचारलं नाही. लॅपटॉप मिटला.

"तुमी बिघाड लिहिलं असतं त राह्यल्या असत्या ना ताई."

"बिघाड लिहिलं असतं त कोनाच्या प्रोग्रामात, हेच इचारलं असतं त्याइनं. अन् तुहंच नाव चढलं असतं."

"पन तुमची गेली ना नोकरी."

"माही दोन वर्साची होती. तुही तीस वर्साची हाय," ताई म्हणाल्या. "हे समजाले का कर्नल लागते?"

मला रडू आवरेना. इतक्या दिवसांचा राग, लाज आणि ती जिलेबी, सगळं एकदम वर आलं.

"ए, ए! कापसावर नको रडू!" ताई ओरडल्या. "वला झाला त जिनिंगवाला भाव पाडते. भाऊ मारन मले. ऊठ, ओसरीवर जाय, तिथं रड."

मी रडता रडता हसले, घसरत खाली आले आणि ओसरीवर जाऊन बसले. थोड्या वेळाने मागून ताई आल्या. मला वाटलं, पाणी घेऊन आल्या असतील. पण हात रिकामेच होते. त्या माझ्या शेजारी टेकल्या, पदर डोळ्यांना लावला, आणि त्यांनाही रडायचंच होतं हे मला तेव्हा कळलं.