खेचरवाल्याच्या पुस्तकातलं न सापडलेलं पान

भुतांबद्दल माझं मत एकच होतं — असतील तर समोर यावं, चहा पाजतो. रोहिणखेडात हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी सांगितलेल्या दहा गोष्टींतल्या अकरा खोट्या असतात, हेही ठाऊक आहे. घाटात बंद पडलेली बस मी एकट्यानं ढकलत बुलढाण्यापर्यंत नेली आणि वर कंडक्टरनं माझंच तिकीट फाडलं, ही हकीकत मी भर वर्गात शपथेवर सांगितलेली आहे. तेव्हा पुढचं वाचून तुम्ही हसलात तर तक्रार नाही...

महाराष्ट्र राज्य होऊन तीन-चार वर्षं झाली होती. मी गावच्या शाळेत इंग्रजी शिकवायचो. बुलढाण्याच्या एका वाचनालयाला कोणा निवृत्त साहेबानं पेटीभर पुस्तकं दिली. सगळी दुसऱ्या महायुद्धाची, आणि सगळी शत्रूकडची! जर्मन बोलणारे साधे शिपाई — कोणी लॉरी-ड्रायव्हर, कोणी बूट शिवणारा, कोणी जखमा बांधणारा — घरी परतल्यावर त्यांनी लिहिलेल्या आठवणी, इंग्रजीत आणलेल्या. ग्रंथपालानं फळ्यावर लिहिलं, ‘अवश्य वाचा.’ वाचणारा मी एकटा. मीही सांगतो, वाचा. सेनापतींच्या पुस्तकांत नकाशे असतात. यांच्या पुस्तकांत ओले मोजे, उवा आणि आईची पत्रं असतात.

माझं सर्वांत आवडतं एका ऑस्ट्रियन खेचरवाल्याचं. इटलीच्या डोंगरात तो खेचरांवरून दारूगोळा वाहायचा. अर्ध्या पुस्तकात लढाई नाहीच, खेचरांच्या पाठीवरच्या जखमा आहेत.

ते आवडायचं कारण होतं. माझे मोठेबाबा, म्हणजे माझ्या वडिलांचे, आबांचे थोरले भाऊ, तेही त्याच इटलीत खेचरांवर होते, आपल्या बाजूनं. एक दिवस तार आली : बेपत्ता. मेले नाहीत, जिवंत नाहीत... बेपत्ता.

असा माणूस बारा वर्षं सापडला नाही तर आमच्याकडे पळसाच्या पानांचा माणूस करतात आणि त्याला अग्नी देतात. मग श्राद्धाला त्याचं नाव घेता येतं. बारा गेली, वीस होत आली, पण मोठी आई — मोठेबाबांची बायको — कपाळावरचं कुंकू पुसायला तयार नव्हती. आबांना आता दम लागायचा. भावाला आपल्या हातानं अग्नी द्यावा, एवढंच त्यांचं मागणं होतं.

"वैनी, दादा उपाशी हाये तिकडे. आमाले पान वाढता येत नाही त्याले."

"त्याईले मरताना कोणं पाह्यलं? पाह्यलेला माणूस आणा. मंग जाळा."

हे दर पितृपक्षात व्हायचं.

त्या उन्हाळ्यात पेरणीच्या भुईमुगाच्या शेंगा फोडायला आमच्या ओसरीवर आठ-दहा बाया बसल्या. अशा वेळी कोणीतरी पोथी वाचतं. ओवी वाचायची, मग अर्थ सांगायचा. मी पोथीच्या जागी खेचरवाला लावला. इंग्रजी वाक्य खणखणीत वाचायचं, मग अर्थ! आणि अर्थ सांगताना... आता तुमच्यापासून काय लपवू, एका खेचराची सात व्हायची.

"काहो मास्तर," शेजारची शांताबाई म्हणाली, "कालचा जर्मन खेचरासंगं उडाला होता, आला का खाली?"

"वरच हाये अजून. आज उतरवतो."

बाया हसल्या. मोठी आईसुद्धा हसली. दुपारचे तीन-साडेतीन वाजलेले, ऊन ओसरीच्या दुसऱ्या पायरीवर. मी पान उलटलं. डाव्या हाताचं पान, वरून तिसरी ओळ. या पानाला मी पदरचा एक शब्दही जोडला नाही.

एक हिंदी, म्हणजे आपल्या देशाचा, खेचरवाला भिंतीला टेकून बसलेला. पोटात तोफगोळ्याची कपची. त्याचं खेचर बाजूला उभं, हाकललं तरी जाईना. लिहिणाऱ्यानं त्याला आपल्या डब्यातली कॉफी पाजली. एकाची भाषा दुसऱ्याला येईना, म्हणून दोघंही खेचराशी बोलत राहिले. ऊन भिंतीवर यायच्या आत तो गेला. सदऱ्याच्या आत एक पुरचुंडी शिवलेली होती. तिच्यात राख, आणि राखेत एक काळा मणी. ‘मी ती त्याच्या मुठीत ठेवली आणि वर दगड रचले.’

शेंगांचा आवाज थांबला होता.

"मणी एकच होता?" मोठी आईनं विचारलं.

"एकच."

तिनं गळ्यातलं मंगळसूत्र हातात घेतलं. "माह्याच हातानं काढला होता मी. शेगावचा अंगारा बांधून देताना. कोणाले सांगतलं नाही... यातला मणी काढू नये म्हणतात. मले वाटे, मी काढला म्हणूनच... कपचीनंच गेले नं, बापू? तसंच लिहिलं हाये नं?"

"हो, मोठी आई. कपचीनं."

"अन् मणी हातात होता?"

"मुठीत."

तिनं मांडीवरची टरफलं झटकली. मग दाराशी खाटेवर पडलेल्या आबांना म्हणाली, "आणा पळसाची पानं."

संध्याकाळी मी ते पान पुन्हा वाचायला घेतलं. नव्हतं. डाव्या हाताची पानं सगळी पाहिली, उजव्या हाताची पाहिली. नव्हतं! दुसऱ्या दिवशी बस धरून बुलढाणा. ग्रंथपालानं शिवण तपासली, पानं मोजली. एकही गळालं नव्हतं, फाटलं नव्हतं. वाचनालय बंद होईपर्यंत आम्ही दोघांनी ओळीवर बोट ठेवून सगळं पुस्तक तपासलं. त्या ऑस्ट्रियनाला अख्ख्या युद्धात एकही हिंदी माणूस भेटला नव्हता.

"मास्तर," ग्रंथपाल म्हणाला, "तुमचीच एखादी थाप असेल."

असेल. मलाही तसंच वाटलं असतं, आनंदानं. पण तो मणी? तो माझ्या डोक्यात कुठून आला? येताना बसमध्ये ठरवलं, सांगून टाकायचं. नसलेल्या पानावर आपण एका बाईचं कुंकू पुसतोय... आणि मोठेबाबा कुठे जिवंत असतील तर?

सकाळी अंगणात पानांचा माणूस तयार होता. मोठी आई न्हाऊन आली, हात पदराला पुसले.

"पुस्तक आण, बापू. मले वाचता येत नाही. नुसतं बोट ठेवतो. कुठं हाये ते?"

सांगायला तोंड उघडलं. जन्मात पहिल्यांदा खरं बोलायला निघालो होतो, तर तिचं बोट आधीच पुढं आलेलं. मी पुस्तक उघडलं आणि डाव्या पानावर, तिसऱ्या ओळीवर तिचं बोट ठेवलं. तिथं लिहिलं होतं की त्या दिवशी बटाट्याच्या सुपात मीठ नव्हतं.

तिनं बोट हळूहळू ओळीच्या शेवटापर्यंत नेलं.

"केवढं बारीक लिहिलं हाये त्यानं," ती म्हणाली. "हेच नं?"

"हो, मोठी आई. हेच."

तिनं कुंकू पुसलं. आबांनी पानांचा माणूस दोन्ही हातांवर उचलला आणि एवढंच म्हणाले, "दादा एवढा हलका नव्हता."

पुढच्या पितृपक्षात मोठेबाबांचं पान वाढलं. त्यानंतर वर्षभरातच आबा गेले. मोठी आई आहे. ती अजून अधूनमधून त्या खेचरवाल्याचं घरदार विचारते, त्याला मुलंबाळं किती म्हणून. मी सांगतो काहीबाही.

ते पान मी वाचलं होतं. कुठं, ते मला आजही सांगता येत नाही.