दीपमालाताईंचा शेक

शुभंकरने दीपमालाताईंची उत्तरं बघून आपली लिहिली आणि सगळा घोळ झाला. करमाळ्याच्या शाळेत त्याला मोठ्यांच्या शब्दाबाहेर जायला कुणी शिकवलंच नव्हतं.

काम असं होतं: गुडघेदुखीवर मशीनने शेक देण्याविषयी जगभर झालेले अभ्यास शोधायचे, कुठला घ्यायचा नि कुठला गाळायचा हे त्या दोघांनी एकमेकांचं न बघता ठरवायचं, मग सगळ्यांचं मिळून काय निघतं ते मांडायचं. रविवारच्या वर्गात हे शिकवणाऱ्या जयसिंग सरांनी दोघांची निवड पाहिली.

"एकदाही मतभेद नाही? अहो, इतकं नवरा-बायकोचंही जमत नाही. पुन्हा करा."

"कॉपी करायची तर हुशार मुलीची तरी करायचीस," ताई बाहेर येऊन म्हणाल्या आणि डब्यातलं अर्धं थालीपीठ त्याच्या हातावर ठेवलं.

दीपमालाताईंचं धायरीत फिजिओथेरपीचं क्लिनिक, शुभंकर तिथला नवा ज्युनियर. शेकाच्या मशीनवर ताईंचा कोण जीव! दुपारी बंद केलं की त्यावर नातीचं दुपटं पांघरायच्या. अर्ध्या धायरीचे गुडघे त्यांनी शेकले होते. शेक लागू पडतो हे एकदा रीतसर दाखवून द्यावं, म्हणून तर त्या पन्नाशीत विद्यार्थिनी झाल्या होत्या.

दुसऱ्या खेपेला एका अभ्यासावर दोघांचं फाटलं. नेमका तो सगळ्यांत मोठा. निम्म्यांना खरा शेक, निम्म्यांना मशीनचा नुसता दिवा, शेक बंद. गुडघे दोन्ही गटांचे सारखेच सुधारले. शुभंकरने तो घेतला होता, ताईंनी गाळला होता.

"का गाळलात, ताई?"

"म्हातारी माणसं फार आहेत त्यात."

"मग आपल्याकडे कोण येतं, कॉलेजची पोरं?"

"फार बोलायला लागलास."

"बघून लिहायचं नाही, असं ठरलंय ना?"

ताईंनी सुरुवातीला ठरवलेले नियम पुन्हा उघडले. वयाची अट कुठेच नव्हती.

"मीच लिहिलेत. आता भांडू कुणाशी?" त्या म्हणाल्या, आणि तो अभ्यास आत घेतला. सगळं एकत्र मांडल्यावर शेकाच्या बाजूने फारसं काही उरलं नाही.

दुसऱ्या दिवशी गोदाबाई सवयीने लुगडं गुडघ्यापर्यंत सारून खाटेवर बसल्या. ताईंनी त्यांच्याकडून नुसते व्यायाम करून घेतले.

"आन् शेक? मशीन बिघडलं व्हय?"

"नाही हो. शेकाने फार फरक पडत नाही, असं दिसतंय."

"तुमाला दिसत आसंल. माज्या गुडघ्याला इचारलं का?"

ताई खळखळून हसल्या, पण मशीनवरचं दुपटं काही काढलं नाही. पायऱ्या उतरता उतरता गोदाबाईंनी शुभंकरला बजावलं, "ध्यानात ठेव रं. तुज्या ताईकडं माजा एक शेक बाकी हाय."

तो अजून बाकीच आहे.