भोवती फिरणारी

मी डोंबिवलीच्या एका शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवायचो. 'परिचारिका' हा शब्द आला की फळ्यावर फोड करून दाखवायचो. परि म्हणजे भोवती, चर् म्हणजे फिरणे. आजाऱ्याच्या भोवती फिरते, ती परिचारिका. मुलं जांभया द्यायची आणि माझं डोकं फिरायचं.

गेल्या वर्षी बायकोला अर्धांगाचा झटका आला. ठाण्याच्या हॉस्पिटलात आयसीयूत ठेवलं. उजवी बाजू गेलेली, शुद्ध नाही. डॉक्टर म्हणाले, "दोन-तीन दिवसांत जाग यायला हवी. नाही आली तर अवघड आहे."

दाराच्या काचेला नाक लावून मी उभा असायचो. आत सिस्टर सहा खाटांभोवती फिरायची. सलाईन बघायची, कुणाला कुशीवर वळवायची, कुणाचं तोंड पुसायची. तिसऱ्या दिवशी ती खिडकीजवळच्या आजोबांपाशी थांबली, थांबूनच राहिली, आणि तासाभरात त्या रिकाम्या खाटेवरची चादर बदलली. तेव्हापासून ती कुठे जरा रेंगाळली तरी ती खाट कुणाची ते मी आधी मोजून बघायचो.

चौथ्या दिवशी दुपारी ती माझ्या बायकोच्या खाटेपाशी थांबली. वाकली, ती हलेचना. देवाचं नावसुद्धा सुचलं नाही. 'चाल बाई, पुढे चाल,' एवढंच मनात चाललं होतं.

मग तिने मला हाताने आत बोलावलं.

"काका, घाबरू नका. काकूंनी डोळे उघडलेत. हात पकडलाय माझा, सोडतच नाहीयेत. तुम्ही पकडा ना, मला बाकीचे पेशंट बघायचेत."

बायकोने डाव्या मुठीत तिची दोन बोटं घट्ट धरली होती. मी ती मूठ हलकेच सोडवून माझ्या हातात घेतली. बायकोने माझ्याकडे पाहिलं. नजरेत ओळख नव्हती. तिने हात काढून घेतला आणि पुन्हा सिस्टरची बोटं शोधायला लागली.

बेचाळीस वर्षांचा संसार आमचा. ती जागी झाली याचा आनंद झालाच, पण खरं सांगतो, आधी त्या पोरीचा हेवा वाटला. चार दिवस हिला कुशीवर वळवलं होतं ते तिने. मी काचेबाहेर होतो. आता ही मला कधी ओळखेल, ओळखेल तरी का, हे विचारायचं माझं धाडस झालं नाही.

"सिस्टर," मी म्हटलं, "दोन मिनिटं थांबता का?"